वॉर्ड इन्चार्जसाठीचा सहा महिन्यांचा नेतृत्व कोर्स: करावा का?

मी सर्जिकल वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आहे. तीस बेड, सतरा स्टाफ नर्स. अकरा वर्षं बेडसाइडला काम केलं आणि मग एका सकाळी मेट्रन मॅडमनी बोलावून सांगितलं की जुन्या इन्चार्ज निवृत्त होतायत, एक तारखेपासून वॉर्ड तू बघ. किल्ल्यांचा जुडगा, नार्कोटिक्सचं रजिस्टर आणि इंडेंटची, म्हणजे वॉर्डाचं सामान मागवण्याची, वही हातात आली. माझं ड्रेसिंग चांगलं, आयव्ही पहिल्या टोचणीत लागते, पेशंट माझं नाव घेतात, म्हणून मला इन्चार्ज केलं. ड्युटी लावताना कुणाला नाही कसं म्हणायचं, दोन स्टाफचं पटत नसेल तर काय करायचं, डॉक्टर भर वॉर्डात कुणावर ओरडले तर मी कुठे उभं राहायचं, यातलं कुणी काही शिकवलं नव्हतं. बहुतेक इन्चार्ज अशाच होतात. म्हणूनच हा कोर्स करायचा की नाही अशा विचारात असलेल्यांसाठी सविस्तर लिहितेय. कोर्सचं आणि संस्थेचं नाव देत नाही. या पद्धतीचे कोर्स आता बऱ्याच ठिकाणी होतात, आणि मला जे सांगायचंय ते त्यातल्या कुठल्याही कोर्सला लागू पडेल.

कोर्सला का गेले ते आधी सांगायला हवं. आतड्याच्या ऑपरेशननंतरची दुसरी रात्र असलेला एक पेशंट होता, बेड बारा. रात्री अकराला पल्स ८८, एक वाजता १०४, तीनला ११८. श्वास मिनिटाला २६. युरिन सलग दोन तास वीस-वीस मिली, म्हणजे फारच कमी. पेशंट बिघडत होता. ड्युटीवर आठ महिन्यांची नवी स्टाफ होती. तिने हे सगळे आकडे चार्टवर वेळच्या वेळी, सुवाच्य अक्षरात लिहिले होते. डॉक्टरांना फोन केला तो साडेपाचला. पेशंट आयसीयूत गेला, पुन्हा ऑपरेशन झालं, एकोणिसाव्या दिवशी चालत घरी गेला. इन्सिडेंट रिपोर्टमध्ये मी लिहिलं, ‘स्टाफने वेळेत कळवले नाही.’ ते खोटं नव्हतं. पण त्याच्या दोनच दिवस आधी त्या मुलीला एका सीनियर डॉक्टरांनी नातेवाइकांसमोर ‘फालतू गोष्टीला फोन करतेस’ म्हणून झापलं होतं, आणि मी चार पावलांवर इंडेंट भरत उभी होते. मान वर केली नव्हती. ते रिपोर्टमध्ये कुठेच आलं नाही. त्या फॉर्मवर त्यासाठी रकानाच नाही.

मग मी स्वतःहून अर्ज केला.

रचना अशी होती: दर महिन्याला दोन दिवस प्रत्यक्ष वर्ग, मधल्या काळात आपल्याच वॉर्डात एक प्रकल्प, आणि प्रत्येकाला एक मेंटॉर. आम्ही बावीस जण होतो, त्यात दोन ब्रदर. आयसीयू, ओटी, लेबर रूम, डायलिसिस आणि मानसोपचार अशा सगळ्या विभागांतून आलेले. शिकवणाऱ्यांमध्ये दोघी निवृत्त मेट्रन आणि एक प्रशासनातले गृहस्थ, जे बजेट आणि मनुष्यबळाचा हिशोब शिकवायचे.

पहिले दोन दिवस वाया गेले, हे स्पष्टच लिहिते. नेतृत्वाचे प्रकार, त्यांच्या व्याख्या आणि स्लाइडमागून स्लाइड. मग स्वभावाची एक चाचणी, त्यात प्रत्येकाला एक रंग मिळाला. माझ्या शेजारी बसलेली डायलिसिसची सिस्टर रात्रपाळी करून थेट आली होती आणि डोळे उघडे ठेवायला धडपडत होती. ज्यांच्या वाट्याला महिन्यात मुश्किलीने चार ऑफ येतात, त्यांचे दोन दिवस असे घेऊ नयेत. संध्याकाळी परतताना पुढच्या महिन्यात यायचं की नाही, असा विचार माझ्या मनात येऊन गेला.

दुसऱ्या महिन्यात चित्र पालटलं, आणि ते पालटलं एका साध्या फॉर्ममुळे. अमेरिकन असोसिएशन ऑफ क्रिटिकल केअर नर्सेस या संघटनेने २००५ मध्ये निरोगी कामाच्या जागेचे सहा निकष मांडले आणि २०१६ मध्ये त्यांची दुसरी आवृत्ती काढली. नीट संवाद, खरं सहकार्य, निर्णयात नर्सचा वाटा, पुरेसं मनुष्यबळ, कामाची अर्थपूर्ण दखल आणि मनापासूनचं नेतृत्व. त्यावर त्यांची अठरा प्रश्नांची चाचणी आहे, एका निकषाला तीन प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच गुण. सरासरी तीनच्या खाली आली तर सुधारणा हवी, असा तिचा अर्थ. हा फॉर्म आम्ही आपापल्या वॉर्डात, नाव न लिहिता, भरून घ्यायचा होता. आणि तो वाटण्याआधी आपला स्वतःचा भरून पाकिटात बंद करून शिकवणाऱ्या मॅडमकडे द्यायचा.

सतरांपैकी चौदा जणींनी भरला. मनुष्यबळाला २.१ मिळाले, त्याचं आश्चर्य वाटलं नाही. दखलीला २.३. नेतृत्वाला २.६. मग मॅडमनी माझं पाकीट उघडलं. नेतृत्वाच्या तीन प्रश्नांवर मी चार, चार आणि पाच लिहिले होते. सरासरी ४.३३.

मॅडम त्यावर काही बोलल्या नाहीत. दोन्ही कागद शेजारी ठेवून त्यांनी विचारलं, ‘यातला कुठला आकडा तुमच्या वॉर्डात रोज काम करतो?’ मी तो प्रश्न घेऊन घरी गेले. माझी समजूत अशी होती की मी सगळ्यांसाठी राबते, सगळ्यांच्या आधी येते, शेवटी जाते, स्टाफ कमी असला की स्वतः औषधं वाटते, म्हणजे मी चांगली इन्चार्ज. स्टाफला मात्र माझं राबणं दिसत होतं आणि मी दिसत नव्हते.

कोर्समधली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे मेंटॉर. माझ्या मेंटॉर निवृत्त नर्सिंग सुपरिंटेंडंट होत्या, आम्ही सगळे त्यांना ताई म्हणायचो. त्या तीन वेळा माझ्या वॉर्डात येऊन प्रत्येक वेळी चार तास नुसत्या उभ्या राहिल्या. नर्सिंग स्टेशनच्या कोपऱ्यात, हातात छोटी वही. पहिल्या भेटीनंतर त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. चार तासांत मला त्रेसष्ट वेळा कुणीतरी मध्येच थांबवलं होतं. त्यातले एक्केचाळीस प्रश्न असे होते की विचारणारीला उत्तर ठाऊक होतं, फक्त माझी मान हलायला हवी होती. सक्शन मशीन दुसऱ्या वॉर्डला देऊ का, या नातेवाइकाला पाच मिनिटं आत सोडू का, स्टॉकमधली शेवटची चादर वापरू का. आणि वहीच्या शेवटच्या ओळीत: ‘कामाव्यतिरिक्त कुणाशी बोलली – शून्य.’

ताई म्हणाल्या, ‘तू एक दिवस आली नाहीस तर वॉर्ड थांबेल, याचा तुला अभिमान वाटतो ना? तोच बदलायचाय.’ फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मध्येच या मुद्द्यावर लिहून ठेवलंय: आपण हजर असताना जे करतो ते आपण नसतानाही होईल अशी व्यवस्था लावणं, हीच प्रभारी असण्याची खरी जबाबदारी. ट्रेनिंगमध्ये आम्हाला नाइटिंगेलचा दिवा शिकवला, हे नाही शिकवलं.

त्यानंतर आम्ही वॉर्डात बसून, सगळ्यांनी मिळून, एक कागद तयार केला: कुठल्या गोष्टी शिफ्टची सीनियर स्वतः ठरवेल, कुठल्या ठरवून मला नंतर सांगेल आणि कुठल्या विचारूनच करेल. पहिल्या रकान्यात बावीस गोष्टी गेल्या. इंडेंट आणि लिनन मी दोन सीनियरकडे सोपवलं. पहिल्या महिन्यात ग्लोव्ह्जचा एक साइज संपला, दुपारभर उसनवारी करावी लागली, आणि वही परत ताब्यात घ्यायला माझे हात शिवशिवत होते. घेतली नाही. पुढच्या महिन्यात त्या दोघींतल्या एकीनेच किमान साठ्याची खूण कपाटाच्या आतून चिकटवली. इतक्या वर्षांत मला ते सुचलं नव्हतं. ताईंच्या तिसऱ्या भेटीत त्रेसष्टचे एकोणतीस झाले होते.

आता मी ज्यासाठी गेले होते त्याबद्दल. डॉक्टरांना फोन करणं. एस-बी-ए-आर म्हणजे एस्बार ही पद्धत ऐकून माहीत होती. आमच्या हॉस्पिटलमध्ये तिचं पोस्टरसुद्धा लावलंय. कोर्समध्ये तिचा उगम कळला: अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांवर थोडक्यात आणि नेमकं कळवण्याची ही शिस्त होती, तिथून कैसर पर्मनंटे या आरोग्यसंस्थेत ती रुग्णालयासाठी बेतली गेली. काय झालंय, आधीची पार्श्वभूमी काय, मला काय वाटतं, आणि मला काय हवंय. पोस्टर वाचून हे सोपं वाटतं. मॅडमनी आम्हाला पाठमोरं उभं केलं, कानाशी फोन, आणि दुसरीला झोपमोड झालेले, चिडलेले डॉक्टर बनवलं. पहिल्या फेरीत बावीसपैकी एकानेही तिसरं अक्षर, म्हणजे ‘मला काय वाटतं’, नीट बोललं नाही. सगळे आकडे सांगायचे आणि गप्प व्हायचे. ‘मला वाटतं’ म्हणायला जीभ उचलेना, कारण निदान हे आपलं काम नाही हे आमच्या हाडात भिनलेलं. मॅडम प्रत्येकीला थांबवून म्हणायच्या, ‘निदान नको. तुला काळजी कशाची वाटतेय ते सांग.’

माझी पाळी आली तेव्हा मी बेड बाराच घेतला. ‘डॉक्टर, सर्जिकल वॉर्डमधून सिस्टर बोलतेय. बेड बाराची पल्स ११८ झालीय, युरिन दोन तास वीस-वीस मिलीच आहे. परवा आतड्याचं ऑपरेशन झालंय, अकरापर्यंत पल्स ८८ होती. पेशंट बिघडतोय, आत काहीतरी गळतंय किंवा सेप्सिस सुरू होतंय अशी मला काळजी वाटते. तुम्ही आत्ता येऊन बघायला हवं. तोवर कुठले ब्लड पाठवू, फ्लुइड किती वाढवू?’ अर्धा मिनिटही लागला नाही. त्या रात्री त्या मुलीला अडीच तास लागले होते.

याच्या जोडीला पायरीपायरीने चढत जायची एक पद्धत शिकवली, ती २००६ मध्ये अमेरिकेत आलेल्या टीमस्टेप्स या प्रशिक्षणातली आहे. ऐकणारा ऐकत नसेल तर तीन वाक्यं, चढत्या क्रमाने: मला काळजी वाटतेय, मला हे असंच सोडवत नाहीये, हा पेशंटच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे. तिसरं वाक्य आलं की समोरच्याने हातातलं काम थांबवून बघायचं असा संकेत. अडचण अशी की हा संकेत दोन्ही बाजूंना माहीत हवा. आमच्या कोर्समध्ये एकही डॉक्टर नव्हता, आणि ही त्याची मोठी उणीव आहे. टाळीचा एकच हात शिकवायचा आणि आवाज का येत नाही म्हणून विचारायचं, तसं होतं हे. मी वॉर्डात परतल्यावर रेसिडेंट डॉक्टरांना एका दुपारी स्वतः बोलावलं, सात जणांपैकी चार आले, त्यांना वीस मिनिटांत हे सांगितलं. तरुण मुलं पटकन ऐकतात. सीनियरांपर्यंत मला ते नेता आलेलं नाही.

पण या सगळ्याहून मला जास्त उपयोगी पडलं ते दुसरंच. स्टाफने कसं बोलायचं हे शिकवून इन्चार्ज मोकळी होत नाही. तिच्यावर कुणी ओरडलं त्या क्षणी मी काय करते, यावर पुढच्या रात्री फोन होणार की नाही ते ठरतं. मॅडमनी आम्हा प्रत्येकाला त्या क्षणासाठी आपलं एक वाक्य तयार करून आणायला सांगितलं. भांडणाचं नको, माफीचं नको, आपल्या तोंडी बसेल असं. माझं आहे: ‘डॉक्टर, हे आपण ऑफिसमध्ये बोलू. आत्ता पेशंटचं काय करायचं ते मला सांगा.’ म्हणताना मी स्टाफच्या आणि त्यांच्या मध्ये उभी राहते. आरशासमोर दहा वेळा म्हटलं असेल. चौथ्या महिन्यात ते पहिल्यांदा प्रत्यक्ष म्हटलं. पाय लटपटत होते, पण आवाज ठीक आला. डॉक्टर क्षणभर थांबले आणि पेशंटचं सांगू लागले. ऑफिसमध्ये बोलणं झालं, फार गोड झालं नाही, पण दार बंद करून झालं.

चुका कळवण्याबद्दलचा धडाही असाच अंगी लागला. एमी एडमंडसन या संशोधिकेला १९९० च्या दशकात औषधांच्या चुकांचा अभ्यास करताना उलटंच दिसलं होतं: ज्या नर्सिंग टीम चांगल्या, त्यांच्याच चुकांची नोंद जास्त. तिथे चुका जास्त होत होत्या असं नाही, त्या तिथे बोलल्या जात होत्या. मी वॉर्डात जाहीर केलं की थोडक्यात टळलेली चूक कळवणारीला मी ‘कोणी केलं’ हा प्रश्न आधी विचारणार नाही, ‘कशामुळे झालं’ हे विचारेन. महिन्याला दोन यायच्या त्या नोंदी अकरा झाल्या. ऑफिसमधून लगेच विचारणा आली, तुमच्या वॉर्डात चुका का वाढल्या? याला काय उत्तर द्यायचं ते कोर्सने आधीच तयार करून घेतलं होतं, नाहीतर मी तिथेच कच खाल्ली असती. अकरांपैकी चार एकाच प्रकारच्या निघाल्या: दिसायला सारख्या दोन अँप्यूल एकाच ट्रेत. ट्रे वेगळे केले.

आणि तो जुना इन्सिडेंट रिपोर्ट. पाचव्या महिन्यात ताईंनी तो मला पुन्हा लिहायला लावला, या वेळी त्यात मी कुठे होते तेही घालून. लिहिला. ती मुलगी तोवर नोकरी सोडून गेली होती, मी कोर्सला लागल्यावर तिसऱ्याच महिन्यात. मी तिला फोन केला आणि त्या दिवशी मी गप्प उभी होते हे सांगितलं. ‘बरं झालं सांगितलंत मॅडम,’ इतकंच म्हणाली. दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये आहे, नाइटच करते.

नवीन स्टाफ अशी का जाते, यावर एक सत्र होतं. शिकलेलं आणि प्रत्यक्ष वॉर्ड यांत पडणाऱ्या दरीमुळे बसणाऱ्या धक्क्यावर मार्लीन क्रेमर यांनी १९७४ मध्येच लिहिलंय, आणि नवखी ते निष्णात असे नर्सचे पाच टप्पे पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये मांडले. सत्र चांगलं होतं, घाईत उरकलं. मी त्यातून एवढंच घेतलं की नव्या मुलीला पहिले तीन महिने एकाच ठरलेल्या सीनियरबरोबर ड्युटी लावते. रोस्टर बनवायला दुप्पट वेळ लागतो.

दखल घेण्याच्या भागाबद्दल माझं मत अजून पूर्ण झालेलं नाही. ‘छान काम केलंस’ न म्हणता नेमकं काय केलं ते सांगा, हे बरोबर आहे. मी शिफ्ट बदलतानाच्या हँडओव्हरच्या शेवटी रोज एक गोष्ट सांगायला लागले: बेड सातच्या आजोबांची लघवी अडलीय हे हिने पोटावर हात ठेवून ओळखलं, वगैरे. दोन आठवड्यांनी आमची सगळ्यात जुनी स्टाफ बाजूला घेऊन म्हणाली, ‘हे शाळेसारखं वाटतंय. कौतुक करायचंच तर कागदावर करा, म्हणजे बढतीच्या वेळी कामाला येईल.’ तिचं खरं होतं. आता ती नोंद तारखेसह लिहून प्रत त्या-त्या स्टाफच्या फाइलला लावते. तोंडी सांगणंही सुरू ठेवलंय, पण ज्यांना चालतं त्यांच्याचबद्दल.

आता मनुष्यबळ. इथे कोर्स कमी पडतो, आणि हा विषय सोडला तर बाकी सगळं पोकळ होतं, म्हणून थोडं थांबून लिहिते. लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांचा २००२ चा अभ्यास आम्हाला वाचायला दिला. अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्यातली १६८ हॉस्पिटलं, सर्जरीचे दोन लाख तीस हजारांहून जास्त पेशंट. एका नर्समागे सरासरी एक पेशंट वाढला की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सात टक्क्यांनी जास्त, आणि नर्सच्या मानसिक थकव्याची तेवीस टक्क्यांनी. कॅलिफोर्नियाने १९९९ मध्ये कायदा केला आणि २००४ पासून एका नर्समागे किती पेशंट याची कमाल मर्यादा अमलात आणली. आयसीयूत दोन, सर्जिकल आणि मेडिकल वॉर्डात २००५ पासून पाच. माझ्या वॉर्डात रात्री तिघी असतात. तीस बेड भरले की एकीच्या वाट्याला दहा.

हे आकडे ऐकवून झाल्यावर कोर्सने आम्हाला याच्यासाठी एक दुपार दिली. फक्त एक. वर्गात कुणीतरी विचारलं, ‘माणसं देणं माझ्या हातात नाही, मग हे मला का शिकवता?’ प्रशासनातल्या सरांचं उत्तर प्रामाणिक होतं: तुमच्या हातात नोंद आहे. तक्रार विसरली जाते, रजिस्टर राहतं. नर्सिंगमध्ये राहून जाणाऱ्या कामावर बिआट्रिस कॅलिश यांनी २००६ पासून अभ्यास मांडले आहेत. पेशंटला चालवणं, कूस बदलणं, घरी जाताना समजावून सांगणं, धीर देणं, माणसं कमी पडली की पहिल्यांदा हीच कामं गळतात. त्यावरून आम्ही ‘राहिलेलं काम’ नावाचं रजिस्टर सुरू केलं. प्रत्येक शिफ्टला पेशंट किती, त्यांत अंगावरचं काम जास्त लागणारे किती, आणि काय राहिलं. दोष कुणाचा हा रकाना मुद्दाम ठेवला नाही. सहा आठवड्यांत दिसलं की सगळ्यात जास्त काम संध्याकाळी सहा ते दहामध्ये राहतं, कारण ऑपरेशन झालेले पेशंट परत येतात तेव्हाच नव्या अॅडमिशनही येतात. ते घेऊन मेट्रन मॅडमकडे गेले. नाइटला चौथी नर्स मिळाली नाही. सहा ते दहा या वेळात एक जास्तीची नर्स मिळाली, आठवड्यातून पाच दिवस. मला हवं होतं त्याच्या निम्मं, पण माझ्या इन्चार्जपणाच्या काळात मागून मिळालेलं हे पहिलं माणूस.

वरून नेहमी येणारं उत्तर म्हणजे ‘नर्स मिळतच नाहीत’. तुटवडा खरा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या अहवालाने २०१८ मध्ये जगभरात ५९ लाख नर्स कमी असल्याचं म्हटलंय. पण अमेरिकेत असाच तुटवडा असताना १९८३ मध्ये तिथल्या नर्सिंग अकॅडमीने १६३ हॉस्पिटलं तपासली, आणि त्यांतल्या ४१ ठिकाणी नर्स येतही होत्या आणि टिकतही होत्या. त्यांना लोहचुंबक म्हटलं गेलं. तिथे नर्सच्या म्हणण्याला वजन होतं, तिच्या कामाचे निर्णय तिला घेता येत होते, आणि वरिष्ठ नर्स व्यवस्थापनाच्या टेबलाशी बसत होती. हा भाग कोर्समध्ये आहे. पण ऐकायला आम्ही इन्चार्ज होतो, आणि हे ज्यांनी ऐकायला हवं ते कुणी तिथे नव्हते. सहा महिन्यांत किमान एक दिवस आमच्या मेट्रन आणि मेडिकल सुपरिंटेंडंट यांना आमच्या शेजारी बसवायला हवं होतं. फीडबॅकमध्ये मी हे लिहिलंय.

आणखी काही उणिवा. नातेवाइकांकडून होणारी शिवीगाळ, अंगावर धावून येणं, यावर जेमतेम अर्धा तास. उदाहरणं बरीचशी आयसीयूची, जिथे एका नर्सकडे दोन पेशंट. जनरल वॉर्डवाल्यांना ती दुसऱ्या जगातली वाटतात. प्रकल्पाचा अहवाल चाळीस पानी मागितला, आणि तो लिहायला मी जेवढ्या रात्री घालवल्या तेवढ्यात दुसरा प्रकल्प झाला असता. सर्टिफिकेटने पगार किंवा पद बदलत नाही. आणि बावीसपैकी सतराच पूर्ण करू शकलो. गळालेल्या पाचांपैकी कुणीही नालायक नव्हतं. त्यांना वर्गाच्या दिवशी ड्युटीतून सोडलंच नाही, किंवा सोडलं ते स्वतःच्या रजेतून. डायलिसिसची ती सिस्टर त्यांत होती. सगळ्यांत हुशार प्रश्न तीच विचारायची.

तर, करावा का? तुम्हाला इन्चार्ज होऊन एक-दोन वर्षं झाली असतील तर जरूर करा. अगदी नवीन असाल तर थोडं थांबा, कारण आपल्या वॉर्डचे प्रश्न हाताशी असल्याशिवाय हे अंगी लागत नाही. प्रवेश घेण्याआधी संस्थेला दोन गोष्टी विचारा: मेंटॉर वॉर्डात येतात का, आणि किती वेळा. फोनवर बोलणारा मेंटॉर असेल तर माझ्या मते पैसे वाया. आणि आपल्या हॉस्पिटलकडून लेखी घ्या की वर्गाचे दिवस ड्युटी धरले जातील आणि कोर्सनंतर रोस्टर, शिफ्टमधले निर्णय आणि राहिलेल्या कामाची नोंद यांत तुमचा शब्द चालेल. हे मिळणार नसेल तर कोर्स तुम्हाला वॉर्डात काय चुकतंय ते दाखवेल आणि हात बांधलेलेच ठेवेल. ते न जाण्यापेक्षा वाईट आहे.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो पहिल्या दोन दिवसांसाठी, गैरहजर डॉक्टरांसाठी आणि त्या पाच जणांसाठी.

कोर्स संपून आठ महिने झाले. गेल्या महिन्यात तो अठरा प्रश्नांचा फॉर्म वॉर्डात पुन्हा भरून घेतला, या वेळी सतराच्या सतरा जणींनी भरला. मनुष्यबळ २.४. दखल ३.०. नेतृत्व ३.४. मी स्वतःला या वेळी ३.३३ दिले होते. पुढच्या बॅचला आमची सीनियर जातेय, ग्लोव्ह्जच्या कपाटात खूण चिकटवणारी. तिच्या बारा दिवसांचं पत्र मी सही घेऊन फाइलला लावलंय, आणि पहिल्या दोन दिवसांचं रोस्टर तिला वगळून लावून झालंय. आदल्या रात्री तिला नाइट नाही.